बियाणे वगळून

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार आहे तो, वय शहात्तर, विधुर, धंदा हंगामी भाजी व फळे पिकवून आपल्या हाताने विकणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. लिही असे कोणी म्हटलेले नाही. कोणाचा धाक नाही. बुद्धी शाबूत आहे. डोळ्यांना चष्मा आहे, कान वयाच्या मानाने बरे आहेत. नाक चालत नाही. पाच उन्हाळ्यांपासून मला कशाचाही वास येत नाही. वकील म्हणाले, मृत्युपत्राला नाक लागत नाही, ते वाक्य काढा. मी काढत नाही. बाकीचा सगळा कागद त्या वाक्यासाठी आहे.

कलम १. गेल्या हिवाळ्यात केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. वकिलांकडची प्रत त्यांनी फाडावी. घरची मी जाळली.

ते मृत्युपत्र मी जेवणाच्या टेबलापाशी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले होते. मला माझे अक्षर आवडते आणि माझा आवाजही. त्यात सातवे कलम असे होते : "गिऱ्हाईकाला फळ निवडून देण्याचे काम सुनेकडे कधीही जाऊ नये. तिला नाक नाही. तिने वजनकाटा सांभाळावा." आणि आठवे असे : "खरबुजाचे बियाणे माझ्या पश्चात रोपवाटिकावाल्याकडे जावे. घरात ते ओळखणारे कोणी नाही."

मुलगा ताटात बघत राहिला. सून वाढत होती. तिने माझे वाचून होईपर्यंत थांबून विचारले, "बाबा, अजून वाढू?"

मी म्हणालो, वाढ.

कलम २. घर, त्याला लागून असलेली चार एकर जमीन, विहीर, पंप आणि माल भरायची खोली हे सर्व मुलगा आणि सून यांना निम्मे-निम्मे. दोघांची सही असल्याशिवाय त्यातले काहीही विकता येऊ नये. मुलगा चांगला नांगरतो, टेम्पो चांगला चालवतो आणि पंपाशी तासन्‌तास बोलतो. गिऱ्हाईकाशी बोलत नाही. हा स्वभाव माझ्या बायकोकडून आलेला नाही. तिच्या भावाकडून आला आहे.

कलम ३. बँकेतली शिल्लक, असेल तेवढी, मुलीला. तिच्या आईचे शिलाई मशीनही तिला. मुलगी दूरच्या शहरात औषधांच्या दुकानात काम करते. तिला शेतात राहायचे नव्हते आणि मी तिला त्यावरून टोमणे मारले. मशीनचा पट्टा नवा घालून मग पाठवावे.

कलम ४. बाजारात माझी जी मोठी छत्री आहे, लाकडी दांड्याची, ती शेजारच्या गाळ्यावरच्या काकडीवाल्याला देऊ नये. त्याने ती मागितली आहे, माझ्यासमोर, मी जिवंत असताना. तिच्या सावलीत तो वर्षानुवर्षे आपली टोपली सरकवत आला आहे, तेवढे पुरे.

कलम ५. हे कलम कोणाला काही देत नाही. पुढचे समजावे म्हणून आमची पद्धत लिहितो. मुलीने वाचू नये, तिला पाठ आहे.

आमच्या बाजारात दोन रांगा आहेत. मागच्या रांगेत माल विकत आणून विकणारे बसतात. पुढच्या रांगेत पिकवणारे. इथे त्या आठवड्यात स्वतःच्या शेतात जे तयार आहे तेवढेच मांडायचे. थंडीत वाटाणा, गाजर, मुळा, पालक. मग काकडी, टोमॅटो. उन्हाळाभर खरबूज. आमची बाकीची भाजी इतरांसारखीच होती. घर उभे राहिले ते खरबुजावर.

आमच्या गाळ्यावर गिऱ्हाईक फळ स्वतः उचलत नाही. हा नियम माझ्या बायकोने घातला. मी विचारतो, "कधी कापणार?" ते सांगतात, आज, उद्या दुपारी, परवा पाहुणे आहेत. मग मी एक फळ उचलतो, देठाच्या उलट्या टोकाला, जिथे फूल होते तिथे नाक लावतो, ठेवतो, दुसरे उचलतो. दिलेले फळ सांगितलेल्या वेळी कापायचे. आधी कापले तर काकडी, नंतर कापले तर दारू. माझे चुकत नसे. बाजारात मला नाकवाले म्हणू लागले आणि बायकोने तेच फळीवर रंगवून गाळ्यावर टांगले. मी फळ नाकाला लावले की समोरची माणसे बोलायची थांबत. ते मला फार आवडे.

बियाण्याचेही असेच. उत्तम वासाची फळे बाजारात न नेता घरी कापायची, चाखायची, त्यांतल्या दोनतीन फळांचे बी धुऊन सावलीत वाळवायचे, राखेत घोळवून बरणीत भरायचे, झाकणाला मेण लावायचे. पुढच्या वर्षी तेच पेरायचे. खरबूज एका वर्षात गोड होत नाही. निवडत निवडत होते. आणि निवडणारा चुकू लागला तर चारदोन वर्षांत बिघडते, कारण दुसऱ्यांच्या शेतातल्या माश्या आपल्या फुलांवर येणारच.

कलम ६. पाच उन्हाळ्यांपूर्वी मला ताप आला. ताप उतरला, वास परत आला नाही. मी डॉक्टरकडे गेलो. ते आमचेच गिऱ्हाईक, परवाचे फळ नेणारे.

"घरी सांगितलंत?" ते म्हणाले.

"घरी सांगितलं की बाजारात कळतं."

"मग कळू दे. टोमॅटो विका. टोमॅटोला कोण वास विचारतंय?"

"गाळ्यावर पाटी काय आहे?" मी विचारले.

ते हसले. मग हसणे थांबवून म्हणाले, येईल परत कदाचित. आला नाही.

त्या उन्हाळ्यात मी गाळ्यावर उभा राहून फळ नाकाला लावले तेव्हा हातात दगड धरल्यासारखे वाटले. मी डोळ्याने आणि अंगठ्याने काम चालवले. सालीची जाळी बघायची, देठ बघायचा, बूड दाबायचे. त्याने निम्मे कळते. उरलेल्या निम्म्यासाठी लोक आमच्याकडे येत. मी नाक थोडे जास्त वेळ लावून ठेवू लागलो, डोळेही मिटू लागलो. कोणी तक्रार केली नाही. एकही फळ परत आले नाही. माझी खात्री पटली की इतक्या वर्षांनी नाकाचे शहाणपण अंगठ्यात उतरले आहे. हे मी काकडीवाल्याला सांगितलेही, नाकाचे नाव न घेता. तो म्हणाला, "असेल बाबा, तुमचं काय सांगावं." आणि काकड्यांवर पाणी मारू लागला.

सून काट्यावर असे. तिचे वडील शिंपी. शिंप्याच्या मुलीला कापड कळते, फळ कळत नाही, असे मी गिऱ्हाईकांना सांगत असे. लोक हसत. एकदा मी तिला भर गर्दीत म्हणालो, "जरा लांब उभी राहा, तुझ्या साबणाचा वास फळाला लागतो."

तेव्हा मला साबणाचा वास येत नव्हता. फळाचाही येत नव्हता. ती दोन पावले मागे सरकली.

कलम ७. या उन्हाळ्यात एक बाई गाळ्यावर आली. इथे नवीनच राहायला आली होती. हाताशी तिची लहान मुलगी. मी विचारले, "कधी कापणार?"

"उद्या दुपारी," ती म्हणाली. "पण काका, तुम्ही वास घ्या हं, हिला बघायचंय. फळ मी त्या ताईंकडून घेईन. सगळ्यांनी तसंच सांगितलंय."

तिने हे हसून, चांगल्या मनाने सांगितले. कोणीतरी तिला सांगितले असणार की इथे असे करतात, आणि तिला ते गोड वाटले असणार. काकडीवाला अचानक "काकडी, काकडी, कोवळी काकडी" असे ओरडू लागला. त्याच्यासमोर कोणी नव्हते. सून काट्याकडे बघत होती. काट्यावर काही नव्हते.

मी फळ उचलले. वास घेतला. डोळे मिटले. उघडले तेव्हा मुलगी टाळ्या वाजवत होती.

मी ते फळ काट्यावर ठेवले आणि या वेळी बघत राहिलो. सुनेने वजन केले, फळ टेबलाखाली नेले आणि टेबलाखालून दुसरे वर काढले. हात इतका सरावलेला होता की मला आधी दिसलेच नसते. टेबलाखाली तीन क्रेट होते. आज, उद्या, परवा. हे मी ओळखले, कोणी सांगायची गरज पडली नाही.

पाठ दुखते म्हणून मी टेम्पोत जाऊन बसलो.

बाजार उठताना समोरच्या जुडीमावशीकडे गेलो. ती पालेभाजी विकते, जुड्या बांधते, म्हणून तिला सगळे जुडीमावशी म्हणतात.

"मावशी, तुला माहीत होतं?"

"काय?"

"काय ते तुला माहीत आहे."

तिने जुडीला दोरा गुंडाळला, दाताने तोडला. "अहो नाकवाले, फाटकावरच्या चहावाल्यालासुद्धा माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही नासकं फळ नाकाला लावून वा म्हणालात ना, तेव्हापासून."

"आणि कोणी मला बोललं नाही."

"कोण बोलेल? तिने दम दिला होता सगळ्यांना. बाबांच्या कानावर गेलं तर बघा म्हणाली, कोणाला सुट्टे देणार नाही. या रांगेत सुट्टे फक्त तिच्याकडे असतात."

"हसत असाल मला."

"पहिल्या वर्षी हसलो," मावशी म्हणाली. "मग सवय झाली. आता कोणाच्या लक्षातही येत नाही."

ती मला बरे वाटावे म्हणून बोलत होती.

कलम ८. त्याच आठवड्यात मुलाला पंपासाठी जुना वॉशर हवा होता. तो शोधायला मी माल भरायच्या खोलीच्या माळ्यावर चढलो. रिकाम्या पोत्यांच्या मागे पाच बरण्या होत्या. चिठ्ठ्यांवर अक्षर माझे. झाकणांवर मेण माझे, न फुटलेले.

पेरणीच्या वेळी बरणी मी मुलाच्या हातात देत असे. पेरणी तो आणि सून करत. मी बांधावर खुर्ची टाकून ओळी सरळ आहेत का ते सांगत असे.

मी एक बरणी हलवली. बी वाजले. म्हणजे या पाच वर्षांत लोकांनी नेलेले, वाखाणलेले, पाहुण्यांपुढे कापलेले एकही फळ माझ्या बियाण्याचे नव्हते. ती स्तुती मी घेतली होती. ते बियाणे माझ्या पश्चात द्यायचे मी रोपवाटिकावाल्याला कबूल केले होते, त्याचा हात हातात घेऊन.

मी वॉशर घेऊन पंपाच्या शेडमध्ये गेलो. मुलगा खाली बसून बोल्ट आवळत होता.

"माळ्यावर बरण्या आहेत," मी म्हणालो.

पाना थांबला. "हं."

"मग बी कुणाचं पेरता?"

"तिचं. म्हणजे आपलंच. निवडते ती."

"कशी निवडते?"

"तुम्ही निवडायचात तशी. वास घेऊन, चाखून."

"तिला कोणी शिकवलं?"

त्याने मान वर केली. "तुम्हीच ना. तुम्ही 'आज' म्हणून फळ काट्यावर ठेवायचात, ती वजन करताना त्याचा वास घ्यायची. 'उद्या' म्हणालात की त्याचा. लग्न होऊन आली तेव्हापासून तेच. मग एक दिवस टेम्पोत मला म्हणाली, बाबा आज म्हणाले आणि वास परवाचा येतोय."

"तेव्हाच सांगायचं मला."

"मी म्हणालो होतो, सांगून टाक. ती म्हणाली, घरी दूध करपलं, मी ते टाकायला निघाले, बाबांनी हातातून घेतलं, प्यायले आणि म्हणाले, आज छान झालंय. आता मी काय सांगू त्यांना?"

मी वॉशर त्याच्या हातात ठेवला. त्याला वाटले मी रागावलो.

"आणि बाबा," तो म्हणाला, "लोक तुम्हाला बघायला येतात. खरंच येतात. तीच म्हणते."

मृत्युपत्रात इतके बोलणे घालत नाहीत असे वकील म्हणतात. मलाही ते समजते. पण मी माझ्या शब्दांत लिहिले तर त्यात मी बरा दिसेन. मला ती सवय आहे.

कलम ९. वरील कारणाने : या मृत्युपत्रात मी माझी सर्व मालमत्ता देत आहे, बियाणे वगळून. ते माझे नाही. जे आपले नाही ते देता येत नाही. ते सुनेचे आहे, तिने ते निवडले आहे, आणि ते तिच्याकडे माझ्या देण्याने जात नाही. कोणी तसे म्हणू नये. मुलानेही म्हणू नये.

रोपवाटिकावाल्याला मी जाऊन सांगितले. त्याला वाटले मी सौदा वाढवतो आहे.

"मग कुणाचं आहे ते?" त्याने विचारले.

"सुनेचं."

"बरं, तिच्याशी बोलतो."

"बोला. पण सांभाळून. तिला नाक आहे."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो, आणि तेही तिच्या माघारी.

कलम १०. माळ्यावरच्या पाच बरण्यांतले बी मात्र माझे आहे. ते कोणी पेरू नये. उकळत्या पाण्यात घालून मग खताच्या खड्ड्यात टाकावे. तसेच टाकले तर खड्ड्यात उगवेल, माश्या त्याचे पराग तिच्या फुलांवर नेतील आणि तिचे बियाणे बिघडेल. बरण्या धुऊन सुनेला द्याव्यात. काच चांगली आहे.

कलम ११. बाजारातला गाळा सुनेचा. पाटी ठेवायची की उतरवायची हे तिने ठरवावे. छत्री तिची. काकडीवाल्याने टोपली सावलीत सरकवली तर तिने त्याला बोलू नये. त्यानेही पाच वर्षे तोंड बंद ठेवले, आणि त्याच्यासारख्या माणसाला ते जड गेले असणार.

कलम १२. गाळ्याच्या पुढे उभे राहणे, "कधी कापणार?" असे विचारणे आणि फळ हातात घेऊन देणे हे काम सुनेचे. मी काट्यावर बसेन. काटा मला दिसतो. वकील म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते, आधी नाही. हे एक कलम पुढच्या बाजारापासून लागू होईल. कायद्यात बसत नसेल तर कायद्याबाहेर लागू होईल.

कलम १३. यातले एकही अक्षर मी सुनेला अजून सांगितलेले नाही. ती आता, मी हे लिहीत असताना, याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला टोमॅटो निवडत आहे. दोनदा तिने वर बघितले. दोनदा मी कागदाकडे बघितले. तिने हे वाचावे तेव्हा मी नसेन, अशी या कागदाची रचना आहे, आणि मला ती फार सोयीची वाटली. मला याची शरम वाटते. बरण्यांची वाटते त्यापेक्षा जास्त. बरण्या मी न कळत भरल्या होत्या.

साक्षीदारांसमोर लिहिलेली पुरवणी.

साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि जुडीमावशी आले. मुलाने खुर्च्या आणल्या. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी बजावले होते, म्हणून मुलगा आणि सून सही करणार नव्हते. मी त्यांना बाहेर जायला सांगितले.

"का?" मावशी म्हणाली. "मागचं सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलंत म्हणे. जेवता जेवता."

"तुला कोणी सांगितलं?"

"चहावाल्याने."

डॉक्टर चष्मा पुसू लागले. मावशीने पदराला हात पुसले आणि खुर्चीवर नीट बसली. "मग हेही वाचा. तेवढ्याच मोठ्याने."

मी सुरुवातीपासून वाचले. सहाव्या कलमात माझा आवाज गेला. साबणाच्या वाक्यापाशी. सून दारात उभी होती, हातात ताटली. डॉक्टर म्हणाले, पुढचं मी वाचू का. मी म्हणालो, नको. मी पाणी प्यायलो आणि ते वाक्य पुन्हा वाचले, कारण पहिल्यांदा ते कोणाला ऐकू गेले नसते.

सगळे वाचून झाले. मुलगा पंपाकडे बघायला निघाला, मावशीने त्याला हाताला धरून बसवले.

सून म्हणाली, "बी उकळायचं नाही, बाबा."

"का?"

"पाच वर्षं टाकवलं नाही मला. टाकायचंच असतं तर पहिल्याच वर्षी टाकलं असतं. तुम्ही एकेक बी धुऊन ठेवलेलं असतं."

"बिघडलेलं आहे ते."

"असेल. विहिरीपलीकडे एक वाफा लावू, सगळ्यांपासून लांब. फुलं आली की पिशव्या बांधू. पराग आपणच हाताने लावू. बघू तरी काय येतं."

"आणि कडू निघालं तर?"

"तर उकळू," ती म्हणाली.

मावशी हसली. कलम दहा मी खोडत नाही. त्यापुढे एवढे जोडतो की सुनेने वेगळे काही ठरवले तर तिचे खरे मानावे.

ताटलीत खरबूज कापून आणलेले होते. या उन्हाळ्याचे शेवटचे. तिने ताटली आधी साक्षीदारांपुढे धरली, मग माझ्यापुढे. मी फोड घेतली. गार होती, ओली होती, गोड होती. माझ्याकडे एवढेच उरले आहे. मी तिला विचारले, "कसा वास आहे?"

हे मी तिला कधी विचारले नव्हते. कोणालाच विचारले नव्हते.

तिने ताटलीतली एक फोड उचलली, सालीकडून नाकाला लावली. मावशी बोलता बोलता थांबली. डॉक्टरही थांबले. तिने डोळे मिटले नाहीत. तिने वेळ घेतला.

"तोडणीच्या दिवशी तुम्ही घरी येऊन सदरा धुवायला टाकता ना, बाबा," ती म्हणाली, "तसा."

"शी गं," मावशी म्हणाली.

"घामाचा वास असेल तो," मी म्हणालो.

"घाम वरवर असतो. त्याच्याखाली हा असतो."

माझा सदरा इतकी वर्षे तिनेच धुतला आहे. मी आणखी एक फोड घेतली आणि तिला आमचा नेहमीचा प्रश्न उलटा विचारला. "हे कधी कापायचं होतं? आज?"

तिने पुन्हा एकदा वास घेतला.

"काल," ती म्हणाली. "काल कापायला हवं होतं. तुम्ही लिहीत होतात, म्हणून ठेवलं."

मला फरक कळला नाही. तिचे उत्तर तिच्या शब्दांत लिहिले आहे, त्यात काही वाढवलेले नाही, आणि त्याच्याखाली मी सही करतो.

(सही)
खरबूज पिकवणारा, यापुढे काट्यावर बसणारा

ठिकाण : माल भरायची खोली, दार उघडे
दिनांक : शेवटच्या तोडणीचा दुसरा दिवस

साक्षीदार पहिला : यांचे नाक मी तपासले आहे, ते खरेच गेले आहे. बुद्धी जागेवर आहे. सही माझ्यासमोर केली.
(सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरी : सगळं ऐकलं. खरं आहे. नासकं फळ होतं तेव्हा मी समोरच होते.
(सही) जुडीमावशी